ढग आला, पण सूर्य हलला नाही

(मंडळाच्या चँडलर येथील स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चँडलरमध्ये कुठल्याही मराठी घरी जेवायला जा, पंगतीत एक तरी जण चिपच्या कारखान्यातला निघतोच! इंटेल इथे १९८० च्या सुमारास आली, मायक्रोचिपचं मुख्यालयही इथलंच. मी मात्र पडलो आय.टी. कन्सल्टंट. तरीही आज चिपवर बोलणार आहे, त्याला कारण माझी एक जुनी फजिती.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी सूर्यामागे फिरणारं सौर पॅनेल केलं. डोळे म्हणून दोन फोटोडायोड, मध्ये आडोसा. प्रोग्रॅम साधा : डाव्या डायोडचा आकडा अमुक झाला की थांब. तोंडी परीक्षेच्या दिवशी नेमका वळवाचा ढग आला. आकडा काही गाठेना, आणि पॅनेल फिरत फिरत गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभं! परीक्षक शांतपणे म्हणाले, "अरे, ढग आला म्हणून सूर्य जागचा हलला का?" मार्क गेले, वाक्य राहिलं.

आमची चूक एका भागाकाराची होती. समजा, डावीकडे ६० आणि उजवीकडे ४० इतका प्रकाश पडला. फरक २०, बेरीज १००, भागाकार ०.२. आता ढग आला, ३० आणि २० उरले. फरक १०, बेरीज ५०; भागाकार पुन्हा ०.२! उजेड निम्मा झाला, पण जागेचं उत्तर तेच. डावं-उजवं आणि वर-खाली, दोन्ही हवं तर चार चौकोन शेजारी शेजारी ठेवायचे. प्रकाशाचा ठिपका कुठे सरकला ते कळतं.

गंमत पुढेच आहे. हे चौकोन करायला खास महागडा पदार्थ लागत नाही. साध्या सिलिकॉन चिपमधला प्रत्येक पी-एन जोड प्रकाश पडला की थोडी वीज देतोच. चिपला काळं आवरण घालतात, त्याचं हेही एक कारण. २०१५ साली रास्पबेरी पाय २ हा छोटा संगणक कॅमेऱ्याच्या फ्लॅशने चक्क बंद पडायचा, कारण त्यातली एक चिप जवळपास उघडी होती! जो दोष, तोच इथे गुण. त्याच चिपवर चौकोन, त्याच चिपवर बेरीज-वजाबाकी करणारं सर्किट. अडचणीही आहेत : असे जोड उथळ असतात आणि तांबडा प्रकाश खोल शिरतो, शिवाय शेजारच्या सर्किटवर उजेड पडू नये म्हणून ते धातूच्या थराने झाकावं लागतं.

तुमच्या टेबलावरचा ऑप्टिकल माऊस याच घराण्यातला. १९९९ साली आलेला मायक्रोसॉफ्टचा माऊस सेकंदाला १५०० चित्रं टिपून हात किती सरकला ते ओळखायचा. लहानपणी माऊसमधला रबरी गोळा काढून मळ खरवडलेल्यांना ही सुधारणा काय होती ते वेगळं सांगायला नको!

रोजचं काम सॉफ्टवेअरचं असल्याने मला वाटायचं, हार्डवेअर सुटलं ते सुटलं. पण गेल्या हिवाळ्यात मुलीबरोबर तेच पॅनेल परत केलं, अंगणात, चार डायोड लावून. ॲरिझोनात ढग मिळेना, म्हणून तिने वर आईची पातळ ओढणी धरली. पॅनेल हललं नाही. इतक्या वर्षांनी मी पास झालो!

मंडळातल्या मुलांना हे करून बघायचं असेल तर जरूर घरी या. आणि उत्तर चुकलं तर घाबरू नका, आधी भागायचं राहिलं का तेवढं बघा.