बेथेलचें दार

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ सालीं जांब या गांवीं झाला. हें गांव आजच्या जालना जिल्ह्यांत आहे. ईश्वराकडे जाण्याची वाट कोणती, हा प्रश्न म्हणूनच या भूमीला नवा नाहीं. त्याच प्रश्नाचें ख्रिस्ती धर्मानें दिलेलें उत्तर एकोणिसाव्या शतकांत जालना शहराजवळ एका वसाहतीच्या रूपानें उभें राहिलें. त्या वसाहतीचें नांव बेथेल, आणि ती वसविणारे गृहस्थ रेव्हरंड नारायण शेषाद्रि.

‘बेथेल’ हा शब्द हिब्रू भाषेंतला. त्याचा अर्थ देवाचें घर. बायबलच्या पहिल्याच पुस्तकांत याकोबाची कथा आहे. दृष्टि गेलेल्या वृद्ध बापाला फसवून याकोबानें वडील भावाच्या वांट्याचा आशीर्वाद लाटला, आणि मग भावाच्या भीतीनें तो घर सोडून पळाला. वाटेंत रात्र झाली. उशाला धोंडा घेऊन तो उघड्यावरच निजला. स्वप्नांत त्याला पृथ्वीपासून आकाशापर्यंत पोंचलेली एक शिडी दिसली. तिच्यावरून देवदूत चढत होते व उतरत होते. जाग आल्यावर त्यानें उशाचा धोंडा खुणेसाठीं उभा केला आणि त्या जागेला बेथेल हें नांव दिलें.

या कथेंतील मर्म सहज निसटून जाण्यासारखें आहे. याकोब तपाला बसला नव्हता किंवा यात्रेला निघाला नव्हता. तो अपराधी होता आणि पळत होता. शिडी त्यानें उभारली नव्हती. ती त्याला दिसली. योहानाच्या शुभवर्तमानांत येशू याच शिडीचा निर्देश स्वतःच्या संबंधांत करितो. ख्रिस्ती श्रद्धेचा पाया या निर्देशांत आहे. मनुष्य आणि ईश्वर यांमधील अंतर मनुष्यानें चढून ओलांडावयाचें नाहीं. ईश्वरानेंच उतरून येऊन तें ओलांडलें आहे, असें हा धर्म मानतो. विटेवर उभें राहून पुंडलिकाची वाट पाहणाऱ्या देवाची कथा ज्या महाराष्ट्रानें पिढ्यान् पिढ्या ऐकली, त्याला देवच भेटीला येतो ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं. ख्रिस्ती धर्माचा विशेष हा कीं, ती भेट तो येशूचें जीवन, क्रूसावरील मरण व पुनरुत्थान यांच्याशीं कायमची जोडतो.

हा विचार मांडतांना संत पौलानें ग्रीक भाषेंतील एक अर्थपूर्ण शब्द योजिला आहे. एखाद्याला राजापुढें नेऊन उभें करणें, त्याची भेट घडवून आणणें, असा त्या शब्दाचा भाव आहे. राजदरबारांत सामान्य रयतेनें आपल्या पायांनीं सरळ जाऊन उभें राहावें, अशी रीत सहसा नव्हती. हात धरून नेणारा कोणी तरी लागे. पौलाच्या मतें ख्रिस्त हा असा हात धरून नेणारा आहे, आणि श्रद्धा म्हणजे त्या हातांत आपला हात देणें. एखादें मत बुद्धीनें मान्य करणें एवढाच तिचा अर्थ नव्हे. तसेंच ती देवाला चुकती करावयाची किंमतही नव्हे. ती विसंबून राहण्याची वृत्ति आहे. म्हणून पंडिताला ती जितकी शक्य, तितकीच निरक्षरालाही शक्य.

पौलाच्या या विचारामागें एक खरीखुरी भिंत होती. यरुशलेमच्या मंदिरांत परमपवित्र स्थानापुढें पडदा असे. त्याच्या आंत केवळ महायाजकानें, आणि तेंही वर्षांतून एकाच दिवशीं, जावयाचें. बाहेरच्या चौकांत एक कठडा होता. त्याच्या पलीकडे परजातीयानें पाऊल टाकल्यास त्याला मरण येईल, अशी ताकीद ग्रीक भाषेंत दगडावर कोरलेली होती. असा एक दगड १८७१ सालीं यरुशलेमांत सांपडला. येशूच्या मृत्यूच्या क्षणीं मंदिरांतील पडदा फाटला, असें मार्कानें लिहून ठेविलें आहे; आणि दोन समाजांमधली आडभिंतही त्याच मरणानें पडली, असा पौलाचा सिद्धांत आहे. याचा अर्थ असा कीं, माणसाला देवाजवळ आणणें आणि माणसाला माणसाजवळ आणणें या दोन वेगळ्या गोष्टी नाहींत. एकच दार उघडलें, तर दोन्ही घडावयास हवीं.

दाराचा अर्थ महाराष्ट्राला समजावून द्यावा लागत नाहीं. चोखोबांची समाधि पंढरपूरला महाद्वाराबाहेर, नामदेवांच्या पायरीजवळ आहे. अस्पृश्य मानलेल्या भाविकांना तें मंदिर खुलें व्हावें म्हणून १९४७ सालीं साने गुरुजींना उपोषण करावें लागलें.

नारायण शेषाद्रि जन्मानें ब्राह्मण, म्हणजे या दाराच्या आंतल्या बाजूचे. मुंबईंत स्कॉटिश मिशनच्या शाळेंत त्यांचें शिक्षण झालें आणि १८४३ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसापासून घराचें दार त्यांना बंद झालें. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला होता. वडिलांनीं न्यायालयांत धांव घेतली, आणि मुलगा अज्ञान असल्यानें न्यायालयानें त्याला वडिलांच्या स्वाधीन केलें. परंतु मिशनऱ्यांच्या घरीं जेवलेल्या या मुलाला जातींत परत घ्यावें कीं नाहीं? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनीं प्रायश्चित्त देऊन त्याला घ्यावें असा पक्ष धरिला, सनातनी मंडळींनीं त्याला कसून विरोध केला. एका लहान मुलाला त्याच्याच घरच्या पंक्तींत बसूं द्यावें कीं नाहीं, यावर मुंबई पेटली. दोन्ही भावांना दाराची किंमत अशी कोवळ्या वयांत कळली.

पुढें नारायण शेषाद्रि पाळक झाले आणि जालन्यास आले. तेव्हां हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. राज्याकडून जमीन मिळवून त्यांनीं बेथेल वसविलें. तेथें आलेल्यांत मोठा भरणा मातंग समाजाचा होता. ज्या माणसांना गांवच्या पाणवठ्यावर आणि देवळाच्या पायरीवर मज्जाव होता, त्यांना एका ब्राह्मणकुळांतील माणसानें देवाच्या घराचें नांव असलेली वस्ती दिली. प्रभुभोजनाच्या विधींत एकच भाकर मोडून सर्वांनीं घ्यावयाची असते. १८७३ सालीं नारायण शेषाद्रि न्यूयॉर्क येथील आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेंत बोलावयास उभे राहिले; परंतु त्या मोठ्या सभेपेक्षां जालन्याजवळची ही पंगत अधिक अवघड होती.

येथें एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. हे लोक देवासाठीं आले कीं भाकरीसाठीं? जमीन, शाळा व संरक्षण यांचें आकर्षण नव्हतेंच, असें कोणीही प्रामाणिक माणूस म्हणणार नाहीं. तथापि ज्या कथेवरून या वसाहतीला नांव मिळालें, तीच येथें उत्तर देते. स्वप्नांतून जागा झाल्यावर याकोबानें देवाला जो नवस केला, त्यांत खावयाला अन्न आणि नेसावयाला वस्त्र यांचीही मागणी होती. बेथेलच्या देवानें ती मागणी हलकी मानली नाहीं. भुकेला माणूस देवाच्या दारीं येतांना भूक बाहेर ठेवून येत नाहीं. त्याची श्रद्धा खरी होती कीं खोटी, याचा निवाडा पोट भरलेल्यांनीं करूं नये.

दुसरा आक्षेप अधिक बोंचणारा आहे, आणि तो ख्रिस्ती समाजानें स्वतःलाच विचारण्यासारखा आहे. या देशांतील ख्रिस्ती मंडळ्यांतही जात शिरली. उपासनेंत शेजारीं बसणारे सोयरिकीच्या वेळीं जुनीं नांवें शोधूं लागले. पाडलेली भिंत माणसें पुन्हां रचतात, कारण उघडें दार मिळाल्याचा आनंद होत असला, तरी त्यांतून शेजारीही आंत येणार हें सोसवत नाहीं.

श्रद्धेनें ईश्वरापर्यंत पोंचतां येतें, हें ख्रिस्ती धर्माचें आश्वासन आहे. त्या आश्वासनाची कसोटी देवघरांत होत नाहीं. ती दाराशीं होते. आपण कृपेनें आंत आलों, असें ज्याला खरोखर वाटतें, त्याला आपल्या मागून आलेल्याची जात विचारतां येत नाहीं.