दृष्टिक्षेत्र तपासणी : वेग आणि विश्वासार्हता

काचबिंदूत दृष्टी बहुधा नकळत क्षीण होते आणि गेलेली दृष्टी परत मिळत नाही. म्हणूनच मंद प्रकाशबिंदू दिसताच कळ दाबावयाची स्वयंचलित दृष्टिक्षेत्र तपासणी वारंवार करावी लागते. पूर्वीच्या पद्धतीत एका डोळ्यास सुमारे पाव तास लागे. रुग्ण थकला की उत्तरे चुकत. १९९० च्या दशकात स्वीडनमधील संशोधकांनी विकसित केलेल्या ‘सिटा स्टँडर्ड’ने हा वेळ जवळपास निम्म्यावर आणला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत स्टँडर्डला सुमारे ६, ‘सिटा फास्ट’ला ४, तर ‘सिटा फास्टर’ला ३ मिनिटांहून कमी वेळ लागला. गर्दीच्या रुग्णालयांत ही बचत मोलाची आहे.

मात्र वेगवान पद्धतीत डोळ्याची संवेदनक्षमता स्टँडर्डपेक्षा किंचित अधिक दिसू शकते. आधीचा अहवाल एका पद्धतीचा आणि नंतरचा दुसरीचा असेल, तर मधल्या काळातील हानी झाकली जाण्याचा धोका संभवतो. म्हणून पद्धत बदलताना तुलनेसाठी नवा पायाभूत अहवाल घ्यावा. विकार बळावलेल्या रुग्णांत शक्यतो पूर्वीचीच पद्धत चालू ठेवावी. वाचलेली मिनिटे पुनर्तपासणीच्या कामी आली, तरच या वेगाचे सार्थक होईल.