बाणाच्या उजव्या बाजूला

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रत्येकाने आपल्या कामातली एखादी गोष्ट दहा मिनिटांत सांगावी, असे संयोजकांनी कळवले होते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. सध्या आमचा गट औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळांसाठी नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर लिहितो. कच्चा माल किती घातला, उत्पादन किती मिळाले आणि टाकून किती दिले, असे तीन रकाने त्यात असतात. तिसऱ्या रकान्यातले आकडे पाहून मला रसायनशास्त्र पुन्हा वाचावेसे वाटले. म्हणून आजचा विषय आहे अमाइड बंध आणि तो जोडायला मदत करणारे धातू. घाबरू नका, शेवटी प्रश्न विचारणार नाही.

एका रेणूतला कार्बोक्झिलिक आम्लाचा गट आणि दुसऱ्यातला अमाईन गट एकत्र येतात, मधून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि कार्बन व नायट्रोजन जोडले जातात. हा अमाइड बंध. आपल्या शरीरातली प्रथिने म्हणजे याच बंधाने ओवलेल्या अमिनो आम्लांच्या माळा. नायलॉनमध्ये तोच, पॅरासिटामॉलमध्ये तोच, दाताचे डॉक्टर देतात त्या लिडोकेनच्या इंजेक्शनमध्येही तोच. आणि आपल्या वयाच्या काही जणांच्या गोळ्यांच्या डबीत आता कोलेस्टेरॉलसाठीची अटोर्व्हास्टॅटिन असेल, तिच्यातही तोच!

फळ्यावर हे समीकरण अगदी सोपे दिसते : आम्ल अधिक अमाईन, बाण, अमाइड अधिक पाणी. प्रत्यक्षात दोघांना एकत्र केले की आधी क्षार तयार होतो आणि तिथेच गाडी अडते. खूप तापवले तर पाणी निघते. नायलॉनच्या कारखान्यात २५० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात. पण औषधाचे नाजूक रेणू एवढी उष्णता सोसत नाहीत.

म्हणून रसायनतज्ज्ञ मध्यस्थ वापरतात. १९५५ पासून वापरात असलेले डीसीसी हे त्यातले एक प्रसिद्ध संयुग. ते आम्लाला अभिक्रियेसाठी तयार करते आणि निघणारे पाणी स्वतःत सामावून घेते. आता हिशेब करू. १२२ ग्रॅम बेंझोइक आम्ल आणि १०७ ग्रॅम बेंझिलअमाईन घेतले, तर अमाइड मिळते जास्तीत जास्त २११ ग्रॅम. त्यातून १८ ग्रॅम पाणी काढून घेण्यासाठी डीसीसी लागते २०६ ग्रॅम, आणि त्याचे होतात २२४ ग्रॅम टाकाऊ युरिया संयुग. म्हणजे मालापेक्षा कचरा जास्त! शिवाय तो कचरा वेगळा करायला लागणारे द्रावक निराळेच. फळ्यावरच्या समीकरणात उजव्या बाजूला फक्त पाणी होते. हे २२४ ग्रॅम तिथे कोणी लिहिले नव्हते.

२००७ साली दोन गोष्टी घडल्या. मोठ्या औषध कंपन्यांच्या तज्ज्ञांनी हरित रसायनशास्त्रात कोणते प्रश्न आधी सुटायला हवेत याची यादी केली. कमी कचऱ्यात अमाइड बनवणे हा प्रश्न तिच्यात अगदी वर होता. त्याच वर्षी इस्राएलच्या वाइझमन संस्थेत डेव्हिड मिलस्टाइन यांच्या गटाने रुथेनिअम धातूचा उत्प्रेरक वापरून आम्लाऐवजी अल्कोहोलपासून थेट अमाइड बनवून दाखवले. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते चिदंबरम गुणनाथन. पुढे ते भुवनेश्वरच्या नायसरमध्ये प्राध्यापक झाले.

यात रुथेनिअम अल्कोहोलकडून हायड्रोजन काढून घेतो आणि अल्डिहाइड तयार होते. अमाईन त्याला चिकटते. धातू पुन्हा एकदा हायड्रोजन काढतो आणि अमाइड तयार होते. घेतलेला हायड्रोजन वायुरूपात सोडून धातू पुढच्या रेणूसाठी मोकळा होतो. अल्कोहोलच्या हजार रेणूंमागे उत्प्रेरकाचा एक रेणू पुरला. आता आपलाच हिशेब या वाटेने कागदावर मांडा : १०८ ग्रॅम बेंझिल अल्कोहोल, १०७ ग्रॅम बेंझिलअमाईन, त्यातून २११ ग्रॅम अमाइड आणि ४ ग्रॅम हायड्रोजन. कुठे २२४ आणि कुठे ४!

मग सगळे कारखाने याच वाटेने का जात नाहीत? रुथेनिअम दुर्मीळ आणि महाग आहे. औषधात धातूचा अंशही राहून चालत नाही, तो काढायला पुन्हा खर्च येतो. उष्णता लागते, आणि प्रत्येक रेणू दाद देतोच असे नाही. म्हणून जुने मध्यस्थ अजून कामावर आहेत. पण संशोधन पुढे चालले आहे. झिर्कोनिअम व टायटॅनिअमची संयुगे वापरून आम्ल आणि अमाईन थेट जोडता येतात. २०१७ मध्ये मिलस्टाइन यांच्याच गटाने रुथेनिअमच्या जागी मँगनीज वापरून दाखवले. मँगनीज आपल्या ओळखीचे आहे. पोटॅशिअम क्लोरेटमधून ऑक्सिजन काढताना परीक्षानळीत घालायची ती काळी पूड मँगनीज डायऑक्साइडचीच.

उत्प्रेरक स्वतः बदलत नाही, हे वाक्य आपण सर्वांनी पाठ केले आहे. शेवटचा हिशेब पाहिला तर ते बरोबर आहे. पण मधल्या वेळात तो नुसता बाजूला उभा नसतो. रेणू धरतो, हायड्रोजन अंगावर घेतो, बदलतो आणि मग पूर्वपदावर येतो. असे शेकडो फेरे झाले की तोही थकतो. अशा समारंभांत शिक्षकांना उत्प्रेरक म्हणायची पद्धत आहे. समोर बसलेल्या सरांना आणि बाईंना मी तसे म्हणेन ते या पूर्ण अर्थाने. एकेका तुकडीचा भार तुम्ही अंगावर घेतलात आणि जूनमध्ये पुन्हा नव्या तुकडीसमोर उभे राहिलात.

आता एक विनंती. आपण शाळेच्या प्रयोगशाळेसाठी निधी जमवतो आहोत. त्यातून एक चांगला डिजिटल वजनकाटा घ्यावा, असे मी सुचवते. प्रयोगानंतर काय मिळाले हे मुले वहीत लिहितातच. त्याशेजारी काय उरले आणि ते कुठे टाकले, यासाठी आणखी एक रकाना आखून द्यावा. पुढे ही मुले कारखान्यात जातील, दवाखान्यात जातील, शेतात काम करतील. तो रकाना भरायची सवय त्यांना सगळीकडे उपयोगी पडेल.

वजनकाट्यासाठीची माझी वर्गणी मी आजच देत आहे.