हजार पानं आणि आमचे चिरोटे

आम्ही नवी मुंबईतल्या एका बचत गटाच्या बायका. दिवाळीत चिरोटे, शंकरपाळे, चकल्या करून विकतो. गेल्या दिवाळीआधी आमच्यात लेबलावरून चांगलाच वाद झाला. त्याचीच गोष्ट आज सांगतो.

गटातल्या एका ताईंची लेक हॉटेलचं काम शिकते. ती म्हणाली, "काकू, नुसतं 'चिरोटे' लिहिलंत तर कोण जास्त पैसे देणार? 'मिल-फय' लिहा. फ्रान्सचा पदार्थ आहे, त्यालाही असेच पदर सुटतात."

"म्हणजे काय गं?" आम्ही विचारलं. तर मिल म्हणजे हजार आणि फय म्हणजे पान. हजार पानांची मिठाई! हे दोन्ही शब्द मुळात लॅटिन भाषेतले. तिथे 'मिले' म्हणजे हजार. रोमन सैनिकांची हजार दुहेरी पावलं म्हणजे एक मैल. आपला 'मैल' इंग्रजीतून आला तो त्यातूनच. आणि 'फोलियम' म्हणजे पान. आपल्या खातेवहीत फोलिओ नंबर असतो ना, तो त्याचाच भाऊ. गंमत म्हणजे फ्रेंचमध्येही आपल्यासारखंच झाडाचं ते पान आणि वहीचंही पानच.

मग खरंच हजार पानं असतात का? मैद्याच्या पारीत लोणी गुंडाळतात, लाटतात, तीन घड्या घालतात. असं सहा वेळा. तीन, नऊ, सत्तावीस, एक्याऐंशी, दोनशे त्रेचाळीस... शेवटी लोण्याचे 729 थर होतात. अशा भाजलेल्या तीन पट्ट्या एकावर एक ठेवून मध्ये क्रीम भरतात, म्हणजे 2187. नावात हजार, पण माल जास्तच!

आपल्याकडेही पदार्थाच्या पुडांवर नावं आहेतच. पुडाची करंजी आहे, गोव्याची सात थरांची बेबिंका आहे. तिला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

हे ऐकून निम्म्या जणी म्हणाल्या, लिहूया मिल-फय. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या मावशी बोलल्या, "ते ओव्हनमध्ये भाजतात, आपण तळतो. त्यात क्रीम, आपल्यात साटा. आधीच्या वर्षीचं विसरलात का?"

आम्ही गप्पच झालो. कारण आधीच्या वर्षी आम्ही लेबलावर 'साजूक तुपातले चिरोटे' छापलं होतं. साटा तुपाचा होता हे खरं, पण तळले होते वनस्पती तुपात. एका गिऱ्हाईक बाईंनी चव घेऊन ओळखलं आणि पाकीट परत आणून दिलं. पैसे दिले, माफी मागितली. पण त्या पुन्हा आल्या नाहीत.

हजार पानं म्हटल्यावर कोणी पानं मोजत बसत नाही. ते कौतुकाचं नाव आहे. साजूक तूप म्हटलं की मात्र गिऱ्हाईक त्याचेच पैसे मोजतं.

शेवटी लेबलावर लिहिलं: 'चिरोटे. साटा साजूक तुपाचा, तळण शेंगदाणा तेलाचं.' भाव वाढवला नाही. आणि लेकीचाही मान राखला. खाली बारीक अक्षरात एक ओळ घातली: 'पदर मोजून पाहा!'

लहान मुलं खरंच मोजतात म्हणे.