दर किलोमीटरला की एकूण?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस-ज्वारीच्या मेळाव्यात स्वीडनच्या ट्रक कंपनीचे काय काम, असे काहींना वाटेल. पण आपल्या रुईची गाठ ट्रकवरच चढते, त्याचे भाडे शेवटी आपल्याच भावातून कापले जाते, आणि पावसाचा लहरीपणा वाढवणाऱ्या कारणांत डिझेलचा धूरही आहे. तेव्हा हा हिशेब आपलाच आहे.

एक लिटर डिझेलचे वजन किलोलाही भरत नाही. पण ते जळताना हवेतला प्राणवायू घेते आणि अडीच किलोहून जास्त कार्बन वायू सोडते. लांब पल्ल्याचा मोठा ट्रक शंभर किलोमीटरला 30 लिटर पितो असे धरा. वर्षाला एक लाख किलोमीटर धावला, तर 30,000 लिटर डिझेल आणि सुमारे 78 टन वायू. म्हणूनच गोथेनबर्गचा व्होल्व्हो समूह स्वतः सांगतो, की त्याच्या मालापोटी होणाऱ्या उत्सर्जनापैकी 95 टक्क्यांहून जास्त गाडी वापरताना होते, कारखान्यात नव्हे.

या समूहाने 2021 साली जगापुढे उद्दिष्टे मांडली. 2019 हे पायाभूत वर्ष. 2030 पर्यंत स्वतःच्या कारखान्यांचे उत्सर्जन निम्मे करायचे. ट्रक-बसचे उत्सर्जन 40 टक्क्यांनी घटवायचे. 2040 पर्यंत सगळा व्यवहार शून्यावर आणायचा. कोणी पायाभूत वर्ष आणि मुदत छापून देत असेल, तर त्याला आम्ही थट्टेवारी नेणार नाही. आपल्या हमीभावाच्या आश्वासनांना तेवढीही शिस्त नसते.

पण माप तपासा. कारखान्याची घट एकूण उत्सर्जनावर मोजायची आहे. ट्रकची घट मात्र दर गाडी-किलोमीटरमागे! समजा आज 100 ट्रक आहेत आणि प्रत्येकाचा धूर 100 मण. एकूण 10,000 मण. धूर 40 टक्के घटला, प्रत्येकी 60 मण झाला. पण तेवढेच धावणारे ट्रक 170 झाले, तर एकूण 10,200 मण! उद्दिष्ट पुरे झाले, आणि आभाळात धूर वाढला. क्विंटलमागे खर्च कमी झाला म्हणून ज्याची पाठ थोपटली, त्याचे कर्ज मात्र वाढलेले, हे आपण घरोघरी पाहिले आहे.

दुसरा प्रश्न, खर्च कोणाच्या माथी? युरोपीय आयोगाने जुलै 2016 मध्ये ट्रक उत्पादकांना सुमारे 293 कोटी युरो दंड केला. त्यात व्होल्व्हो-रेनॉचा वाटा सुमारे 67 कोटींचा. 1997 पासून 2011 पर्यंत त्यांनी किमतींबाबत संगनमत केले होते. धूर कमी करणारे तंत्र कधी आणायचे आणि त्याचा खर्च गिऱ्हाइकावर कसा टाकायचा, हेही आपसात ठरवले होते. स्वच्छ हवेचे बिल फाडायला बाजारातली सगळी दुकाने एक झाली, तर गिऱ्हाइकाने जायचे कुठे? ट्रकमालक ते भाड्यात घालतो, व्यापारी मालाच्या भावातून कापतो. ज्याला पुढे कोणावर ढकलता येत नाही, तो शेतकरी.

तिसरे, कायद्याचे. 2024 च्या युरोपीय नियमाने नव्या जड वाहनांचे उत्सर्जन 2030 पर्यंत 45, 2035 पर्यंत 65 आणि 2040 पर्यंत 90 टक्के घटवणे बंधनकारक केले. कंपनीचे वचन कंपनी बदलू शकते, कायदा तिला एकटीला बदलता येत नाही. विजेच्या ट्रकचेही तसेच. गाडीच्या मागून धूर निघत नाही हे खरे, पण वीज कोळशाची असेल तर धुराडे चंद्रपूरला उभे असते. दोन्हीकडचा हिशेब एकत्र मांडायला हवा.

हे सगळे सांगायचे कारण गावात आहे. कार्बनचे करार घेऊन कंपन्या आता शेतकऱ्यांच्या दारी येऊ लागल्या आहेत. नांगरट करू नका, पऱ्हाटी जाळू नका, आम्ही पैसे देऊ, असे सांगतात. पऱ्हाटी कुजवून रानात घालणे चांगलेच, ते आम्हीही सांगत आलो. पण अंगठा उठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. पायाभूत वर्ष कोणते? मोजणी कशामागे आणि कोण करणार? खर्च आणि तोटा कोणाचा? आपल्या मातीत साठवलेला कार्बन दुसऱ्याच्या धुराची वजावट म्हणून विकला जाणार असेल, तर त्याचा भावही आपण ठरवला पाहिजे.

तालुक्याच्या बैठकीत असा प्रत्येक करार उघड वाचावा, एवढा ठराव आज करू या.