साखर वाढली, म्हणजे मधुमेह नव्हे

आम्ही सरकारी दवाखान्यातली नर्सिंगची माणसं. अतिदक्षता विभागातल्या लेकराची साखर २०० आली की आई घाबरून विचारते, "दादा, याला मधुमेह झाला का हो?" बहुधा नाही. गंभीर आजाराच्या ताणानं साखर चढते, आजार हटला की उतरते. मग लगेच इन्शुलिन का नाही? अमेरिकेतल्या २०१७ च्या अभ्यासात साखर ८० ते ११० ठेवलेली मुलं १५० ते १८० वाल्यांपेक्षा लवकर बरी झाली नाहीत. उलट साखर धोक्याइतकी उतरण्याचे प्रसंग वाढले. तशानं मेंदूला इजा होऊ शकते, आणि गुंगीतलं लेकरू सांगणार कसं? म्हणून इन्शुलिन चालू असलं की आम्ही वारंवार रक्त तपासतो. तेवढं टोचणं सोसा, आमच्यावर रागावू नका. गणपती बाप्पा मोरया!