रुग्णसेवकांची सुरक्षितता

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी अधिसेविकांनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी सेवेचा गौरव करण्याची प्रथा आहे. आज सेवा करणाऱ्यांच्या सुरक्षिततेविषयी थोडे बोलण्याची अनुमती असावी.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तेथीलच एका सफाई कामगाराने हल्ला केला. मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, तेथील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. ज्यांनी त्यांना कधी चालता-बोलताना पाहिले नव्हते, त्यांनीही केली. या सेवेपुढे आपण नतमस्तक होतो. परंतु त्याच घटनेत लैंगिक अत्याचाराचा गुन्हा नोंदविलाच गेला नाही. खटला चालला तो खुनाचा प्रयत्न व जबरी चोरी यांचा, आणि हल्लेखोर सात वर्षांची शिक्षा भोगून सुटला. जे कागदावर आले नाही, त्याचा न्यायही झाला नाही.

आज प्रसंग बहुधा निराळे असतात. रुग्ण दगावतो, शोकाचा संताप होतो आणि त्या क्षणी समोर असतात रात्रपाळीच्या सिस्टर, निवासी डॉक्टर किंवा वॉर्डातले मामा. शिवीगाळ होते, कधी हातही उगारला जातो. दुसऱ्या दिवशी विचारावे, तर उत्तर येते, "जाऊ द्या, त्यांचे माणूस गेले होते." या उत्तरात कणव आहे, तशीच पोलीस ठाण्याच्या खेपांची धास्तीही आहे.

महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी व निमवैद्यकीय कर्मचारी यांच्यावरील हिंसाचार हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून, त्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रारच झाली नाही, तर ही तरतूद पुस्तकातच राहते. मनात दबलेली भीती मात्र रुग्णालाच भोवते. अत्यवस्थ रुग्णास दाखल करून घेताना हात आखडतो, "मोठ्या रुग्णालयात न्या" असे सांगितले जाते आणि मोलाचा वेळ वाटेतच जातो.

म्हणून विश्वस्तांना विनंती, की तक्रार संस्थेच्या नावाने नोंदवावी. मार बसलेल्यास एकटे पाठवू नये. देणगीदारांनी यंत्रसामग्रीबरोबरच नातलगांना बसण्यासाठी शांत खोली आणि रात्रपाळीत समुपदेशक यांचाही विचार करावा. आप्तजनहो, रुग्णाच्या प्रकृतीची खरी माहिती वेळेवर मिळणे हा आपला हक्क आहे. ती वरिष्ठांकडे निःसंकोच मागावी, आणि ती देणे हे आमचे कर्तव्य आहे. माझ्या सहकाऱ्यांना इतकेच सांगते, की घडलेला प्रकार त्याच पाळीत नोंदवहीत लिहा. तो लिहिल्याने तुमच्या सेवाभावास उणेपणा येत नाही.